पोरांची ज्वारी

आमच्या बोर्डिंगात पोरांच्या पुढाऱ्याला कारभारी म्हणत. शाळेत मॉनिटर वेगळा होता, तो मास्तरांनी नेमलेला. फळा पुसायचा, खडू आणायचे आणि कोण बोलतंय त्याचं नाव सांगायचं, एवढंच त्याचं काम. कारभाऱ्याचं तसं नव्हतं. कारभारी पोरं करायची. दिवाळी करून सगळी परत आली की पहिल्या सकाळी जेवणाच्या पडवीत जमायचं, ज्यांची नावं पुढं आलीत त्यांना भिंतीला पाठ लावून बसवायचं, आणि मग एकेकानं येऊन आपली जर्मनची ताटली ज्याला मानतो त्याच्यापुढं ठेवायची. ज्याच्यापुढची चळत उंच, तो वर्षभराचा कारभारी. त्यात बोर्डिंगच्या मास्तरांनी बोट घालायचं नाही आणि बोर्डिंग चालवणाऱ्या पंचांनीही नाही, असा रिवाज. तो कुणी घातला ठाऊक नाही. लिहून कुठं ठेवलेला नव्हता, म्हणूनच बहुतेक पाळला जायचा.

हे आत्ता सांगायचं कारण, नातू कॉलेजच्या हॉस्टेलात प्रतिनिधी झालाय. त्याला मी माझं सांगायला लागलो तर म्हणाला, "आजोबा, त्या वेळी असलं काही नव्हतं. तुम्ही लोक सांगितलं तसं ऐकत होता." मला राग आला. राग आला की मला बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. माझं शिक्षण सातवी, आणि तीही पुरी नाही. ज्याला ऱ्हस्व-दीर्घ बघायचंय त्यानं दुसऱ्याचं वाचावं.

माझ्यापुढं चळत झाली तेव्हा मी सातवीत होतो. आजची सातवी धरू नका. शाळेत उशिरा घातलेला, मधे सुगीला घरी ठेवून घेतलेला, मिसरूड फुटलेला गडी होतो मी. गाव अणदूरच्या अंगाला. तिथून तुळजापूरपर्यंत चालत, तिथं ओळखीच्या पुजाऱ्याच्या ओसरीवर मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी घाट चढून धाराशिव. सरकारदरबारी त्याचं नाव उस्मानाबाद होतं, पण आम्ही कधी तसं म्हटलं नाही. राज्य निजामाचं. शाळेतलं शिकणं उर्दूत, हजेरीला "हाजिर, जनाब" म्हणायचं. संध्याकाळी दिवेलागणीला बोर्डिंगात हजेरी मी घ्यायचो, तिथं मात्र "हाय" म्हणायचं. कुणी आपला कानडी मुलखातला असला तर तो "अदीनि" म्हणायचा, तेही चालायचं.

आता खेड्यात बाई आपल्या नवऱ्याला कारभारी म्हणते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं पहिले काही दिवस माझी लई चेष्टा झाली. नकला करणारा एक किडकिडीत पोरगा होता. तो पंचा पदरासारखा डोक्यावरून ओढून पंगतीत विचारायचा, "कारभारी, आज भाजीला काय आणलंत जी?" की सगळी पंगत हसायची. मास्तरांच्या घरातल्या बाई खिडकीतून म्हणाल्या, "चाळीस बायका करून बसलाय हा बाबा, कसं निभावणार?" मी म्हणालो, "निभावतो की, बाई." निभावलं का नाही ते पुढं बघा.

कारभाऱ्याचं काम म्हणजे मिरवणं नव्हतं. पहाटे पोरांना उठवायचं. आडावर पाण्यावरून भांडणं व्हायची, ती मिटवायची. कुणाला ताप भरला तर पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचं. आणि मोठं काम म्हणजे धान्य. फीचा पैसा कुठला आणायचा? प्रत्येकानं दिवाळीनंतर येताना घरची ज्वारी आणायची, ती अंगणातल्या पेवात ओतायची आणि वर्षभर खायची. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची विहीर, वर तोंडाला फरशी. अंगणात दोन पेवं होती. एक पुढं, स्वयंपाकघरापाशी, ते आमचं. दुसरं मागं लिंबाखाली, ते कैक वर्षं रिकामंच. रोज सकाळी धान्य मापून स्वयंपाकाच्या आक्कांना द्यायचं आणि पंगतीत भाकरी स्वतःच्या हातानं वाढायची, हे कारभाऱ्याकडं. कारण सोपं होतं. भाकरी कमी पडली तर शिव्या कुणाला द्यायच्या ते पोरांना कळलं पाहिजे.

त्या साली शिव्या खायची पाळी आली. कुठं तरी मोठी लढाई चालली होती, आणि तिच्यापायी आमच्याकडं धान्याची लेव्ही बसली होती. घरी खाण्यापुरतं ठेवायचं, बाकीचं सरकार सांगेल त्या भावानं सरकारला घालायचं. त्यात आदल्या सालची रब्बी हुरड्यातच करपलेली. पोरांनी पोतं आणायचं तिथं अर्धं पोतं आणलं होतं, काहींनी गाठोडं. चैत्र लागला आणि पेवाचा तळ दिसायला लागला. मी दोन भाकऱ्यांची दीड केली, दीडची एक केली. भाकरी मोडून अर्धी दुसऱ्याच्या ताटात घालणं फार वाईट काम आहे. पोरगं वर बघत नाही, तुमच्या हाताकडं बघतं.

एक दिवस मास्तरांनी सगळ्यांना पडवीत बसवलं. मास्तर भला माणूस. आवाज चढवायचा झाला तरी आधी खाकरून परवानगी घेतल्यासारखं करायचे. म्हणाले, "पोरांनो, अमावस्येपर्यंत पुरंल. मग बोर्डिंग बंद करावं लागंल. मी मालकांना विचारलं. त्यांच्याकडंबी न्हाय म्हणाले."

"आणि परीक्षा?" मी विचारलं.

परीक्षा अमावस्येनंतर पंधरवड्यानं होती. ज्यांचं धाराशिवात कुणी नातेवाईक होतं ती पोरं थांबणार, बाकीच्यांनी घरी जायचं. आणि एकदा पोरगं उन्हाळ्यात घरी गेलं, बिनपरीक्षेचं गेलं, की बाप पुन्हा पाठवत नाही. हातात कासरा देतो. हे मास्तरांना ठाऊक, आम्हाला ठाऊक. चाळीसेक पोरांची शाळा त्या पेवाच्या तळाला येऊन टेकली होती.

आता मालक. बोर्डिंगची जागा त्यांनी दिलेली, हे मी नाकारणार नाही. ज्याचं त्याला दिलं पाहिजे. पंचांचे ते प्रमुख. गावोगाव जमीन, बाजारात अडतीचं दुकान. पांढरं स्वच्छ धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. मास्तरांना आपल्याकडं धान्य नाही असं सांगून आठ दिवस झाले नसतील, तोच एका दुपारी त्यांच्या गाड्या बोर्डिंगच्या मागच्या फाटकातून आत आल्या. गाड्यांवर पोती. वर कडबा टाकलेला, पण पोत्यांचे कान बाहेर दिसत होते.

मालक म्हणाले, "मास्तर, लिंबाखालचं पेव रिकामं हाय न्हवं?"

"हाय की, मालक."

"मग जरा माल ठिवतो. लेव्हीवाले गावात फिरायलेत. थोड्या दिसाची सोय."

मी पुढं झालो. "मालक, ही ज्वारी बोर्डिंगला व्हय?"

ते हसले. "बोर्डिंग कुणाचं हाय?"

"तुमचंच की."

"मग माझी ज्वारी माझ्या बोर्डिंगात ठिवली. तुला काय तरास?" आणि काठी पोत्यांकडं करून म्हणाले, "बघत काय उभारलाव? लावा हात."

आम्ही हात लावला. उपाशी पोरांनी भरलेली पोती पाठीवर घेऊन त्या पेवात ओतली. ज्वारी पडताना पावसासारखा आवाज येतो. नकला करणारा पोरगा माझ्या कानाशी म्हणाला, "कारभारी, ह्यातलं मूठभर धोतरात पडलं तर ते चोरी का वारा?" मी म्हणालो, "गप ओत." वर कडब्याची पेंढी, मग फरशी, मग फरशीच्या कडेनं चिखल. त्या संध्याकाळी पंगतीत मी एकेकच भाकरी वाढली आणि कुणी हसलं नाही.

चार-दोन दिवसांनी गिरदावर आले. गिरदावर म्हणजे तहसिलीतले, पटवाऱ्यांच्या वरचे. कुणी कळ लावली का ते आपल्याच मनानं फिरत आले, मला माहीत नाही. म्हातारे होते, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं दखनी. बरोबर पटवारी आणि एक शिपाई. सरळ लिंबाखाली गेले आणि फरशीचा ओला चिखल बोटानं खरवडला. म्हणाले, "खोलो."

आम्ही फरशी बाजूला घेतो न घेतो तोवर मालक आले. कुणी तरी दुकानावर जाऊन सांगितलं असणार. धावत आले होते, उपरणं एका खांद्यावरून लोंबत होतं. तसं त्यांना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

गिरदावरांनी आत वाकून बघितलं. "ये जवारी किसकी जी?"

मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घामानं ओला होता. "बच्च्यांकी, साहेब."

"किसकी?"

"पोरांची, साहेब. बोर्डिंगच्या पोरांची. घरोघरनं आणत्यात बिचारी."

गिरदावरांनी आमच्याकडं एक नजर टाकली. आमच्या बरगड्या आणि ते भरलेलं पेव यांचा मेळ त्यांना बसला नसावा. त्यांनी विचारलं, "बच्च्यां में बड़ा कौन?"

मास्तरांनी माझ्याकडं बोट केलं. गिरदावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "तुम बोलो. मालक सच बोलते?"

माझ्याकडं सगळे बघत होते. पोरं, मास्तर, मालक. स्वयंपाकघराच्या दारात आक्का पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या. नाही म्हणालो असतो तर ज्वारी तिथल्या तिथं सरकारात गेली असती, मालकांच्या हातात बेडी पडली असती, आणि आमच्या ताटात काय पडलं असतं? काहीच नाही. मी म्हणालो, "मालक बोलले तेच, साहेब. आमची हाय."

तेव्हा ते खोटं होतं. ते तसंच खोटं ठेवायचं नाही, हे मी तिथं उभ्या उभ्याच ठरवलं.

गिरदावर दाढीत हसले का काय, कळलं नाही. म्हणाले, "तो फिर खाओ, बेटा. खाके पास हो जाओ." आणि मग मालकांकडं न बघता, मोठ्यानं, "मगर एक थैला भी इस फाटक के बाहर गया, तो मैं समझूँगा बच्च्यांकी नहीं थी."

ते गेल्यावर मालकांनी खाली बसून पाणी मागितलं. दोन तांबे प्याले. मग माझी पाठ थोपटली. "शाबास रे वाघा. जरा निवळलं की गाड्या लावतो." आणि जाता जाता पोरांना गुळाचा खडा वाटायला सांगून गेले. मी तो गूळ वाटला. मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी मापाचं टोपलं पुढं केलं. मी म्हणालो, "आज लिंबाखालची काढतो."

आक्का कानडी मुलखातल्या, मला तम्मा म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. त्या घाबरल्या. "ब्याड, तम्मा. नको. मालकांची हाय ती."

"काल तुमी दारातच होता न्हवं, आक्का? काय म्हणाले मालक?"

"पोरांची म्हणले."

"कितीदा?"

"लई येळा."

"मग थापा की."

त्या चूल पेटवायला वळल्या. वळताना हसू लपवलेलं मी बघितलं.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत वाईट हवा असते. आधी दोरीनं पेटता दिवा सोडायचा. विझला तर थांबायचं. दिवा तेवत राहिला, तसा मी उतरलो आणि टोपली भरभरून वर दिली. आणि आणखी एक गोष्ट. पेव एकदा उघडलं की फार दिवस ठेवता येत नाही, ज्वारी ओल धरते, वास मारते. म्हणजे उघडलं ते गिरदावरांनी, आणि आता न खाऊन ती नासवायची का? मला तर हे फार सोयीचं वाटलं. आजही वाटतं.

त्या दिवशी दोन दोन भाकऱ्या वाढल्या. मोडल्या नाहीत, आख्ख्या. नकला करणाऱ्यानं पुन्हा पंचा डोक्यावर ओढला. "कारभारी, सावकाराकडनं आणलीत का माहेराहून?" मी म्हणालो, "आपल्या घरची हाय, जेव." मास्तर पंगतीतून फिरत आले, माझ्यापाशी थांबले, खाकरले. "भाकऱ्या मोठ्या दिसतात आज."

"व्हय, मास्तर."

"बरं," म्हणाले, आणि पुढं गेले. कुठल्या पेवाची ते त्यांनी विचारलं नाही. अमावस्येचंही पुन्हा काढलं नाही. भित्रा माणूस मनातून आपल्या बाजूचा असला तर तो असाच वागतो, एवढं मी तेव्हा शिकलो.

अमावस्या टळून गेली, बोर्डिंग चालू राहिलं. पोरं पाठ करायला लागली. आणि मग एका सकाळी न्याहारीच्या आधी मालकांच्या रिकाम्या गाड्या मागच्या फाटकातून आत आल्या. मालक पुढं चालत.

मी फक्त एवढंच म्हणालो, "पोरांनो, चला." आणि लिंबाखाली जाऊन फरशीवर मांडी घातली. माझ्या शेजारी दुसरा बसला, तिसरा बसला. फरशीवर जागा पुरेना तशी पोरं तिच्याभोवती मातीत बसली. काहींनी पुस्तकं आणली होती, ती उघडली. मोठ्यानं वाचायला लागली. उर्दूचा धडा होता.

"उठा," मालक म्हणाले.

कुणी उठलं नाही.

"ए, तुला म्हणतोय. उठ."

"कशाला, मालक?"

"ज्वारी न्यायची हाय."

"कुणाची?"

त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "माझी! अन् काय तुझ्या बापाची?"

"मालक, बाप काढू नगा. माझ्या बापाची अर्धं पोतं होती, ती पुढच्या पेवातली, खाऊन झाली. ही पोरांची हाय."

"कोण म्हणतंय?"

"तुमी म्हणला. गिरदावरापुढं. माझ्या खांद्यावर हात ठिवून."

मागं कुणी तरी फिस्सकन हसलं. गाडीवान बैलांच्या शिंगांकडं बघत उभे होते, त्यांचीही तोंडं वाकडी झालेली दिसत होती.

मालकांचा आवाज खाली आला. गोड झाला. "अरे लेकरा, ते सरकारला सांगायचं असतं. घरात येगळं, सरकारात येगळं. मोठा झालास की कळंल."

"आमीबी तिथंच हुतो, मालक. आमाला सरकारातलंच ऐकू आलं."

"तुमी चोर हाव! समदे चोर!"

"मग बोलवा गिरदावराला," मी म्हणालो. "आमी उठतो. त्यांच्याम्होरं एकदा म्हणा, पोरांची न्हाय, माझी हाय. लगेच गाड्या भरून देतो. पाठीवर वाहून देतो, भरलं तसंच."

मालक लिंबाच्या सावलीत उभे राहिले, काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून. ऊन चढत गेलं. पोरांचा धडा चालूच होता. एक गाडीवान शेवटी म्हणाला, "मालक, बैलं सोडू का धरू?" तेवढ्यानं ते भानावर आले आणि रिकाम्या गाड्या घेऊन गेले. पोरांनी आरडाओरडा केला, मी करू दिला. खरं सांगायचं तर त्यातला मोठा आवाज माझाच होता.

पण मालक माणूस कच्चा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना दुकानावर बोलावलं. मास्तर परत आले ते मला एकट्याला बाजूला घेऊन गेले.

"ज्वारी खावा म्हणाले," मास्तर म्हणाले. "परीक्षा हुईस्तवर बोर्डिंग चालू राहू द्या म्हणाले."

"मग झालं की."

"झालं न्हाय. तू बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानावर जायचं. चार माणसांत त्यांच्या पायावर डोकं ठिवायचं. अन् म्हणायचं, चुकलो, आमी चोरून खाल्ली."

"न्हायतर?"

"न्हायतर तुझी पेटी बाहेर. परीक्षेआधी. दुसरीकडं कुठं राहू देणार न्हायत, ते शाळेतबी बघतील." मास्तरांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरलेले होते. "लेका, शब्दच तर हाय. म्हणून टाक. तू हुशार हाईस. उर्दू चांगली हाय तुझी. कचेरीत लागशील. एका शब्दानं काय झिजतंय?"

"मास्तर, एका शब्दानंच ती ज्वारी आमची झाली. आता मी दुसरा बोललो की ती पुन्हा त्यांची हुती, अन् ही चाळीस पोरं चोर हुत्यात. पोटात गेलेली भाकरी चोरीची हुती."

"मग चोरून म्हणू नको. नुसतं चुकलो म्हण. मी समजावतो त्यांना."

"चुकलो म्हणलं की तेच झालं."

"ताठा बरा न्हवं."

"बरा न्हवं, मास्तर. पण हाय."

मी उद्या निघणार हे पोरांना कळलं तेव्हा पडवीत गोंधळ झाला. काही म्हणाली, आम्हीही पेट्या उचलतो, कुणीच परीक्षेला बसायचं नाही, मग बघू मालक काय करतात. बोलायला चांगलं होतं. पण मग ती ज्वारी खाल्ली कशासाठी? मी ओरडलो, "उद्या सकाळपतुर कारभारी मी हाय. कारभाऱ्याचं चालतं का न्हाय?"

"चालतं," कुणी तरी म्हणालं.

"मग समद्यांनी परीक्षेला बसायचं. जो बसणार न्हाय त्यानं मला पुन्हा तोंड दावू नये. अन् आक्कांना लिंबाखालचीच ज्वारी द्यायची, शेवटच्या दाण्यापतुर. पेव झाडून काढायचं."

सगळी माझ्यावर खूष होती असं समजू नका. एक अभ्यासू पोरगा होता, तो तोंडावर म्हणाला, "तू आमच्यासाठी न्हाय, तुझ्या ताठ्यासाठी चाललास. पाया पडला असतास तर आम्हाला चोर कुणी म्हणालं नसतं. दोन दिवसांत विसरले असते." त्याला मी म्हणालो, "असंल. पण तू आज दोन भाकऱ्या खाल्ल्यास, त्या ताठ्याच्याच हुत्या." पटलं नाही त्याला. न पटो. सगळ्यांना पटवत बसणारा कारभारी काही कामाचा नाही.

सकाळी नकला करणाऱ्यानं माझी पेटी डोक्यावर घेतली आणि तुळजापूरच्या रस्त्यापर्यंत आला. वाटेत एकही नक्कल केली नाही. मला ते आवडलं नाही. "कर की काही तरी," मी म्हणालो. त्यानं मालकांची केली, ओल्या हातानं माझा खांदा धरून, "बच्च्यांकी, साहेब." मी हसलो आणि घाट उतरायला लागलो.

घरी पोचलो तेव्हा बा गोठ्यात होता. पेटी बघितली, मला बघितलं.

"परीक्षंला बसलास?"

"न्हाय."

"मग इतके दिस कुठं बसलास?"

"पेवावर."

बाला चेष्टा आवडत नसे. पण मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं मधे तोंड घातलं नाही. आईनं घातलं. ती रडली, मग मालकांना शिव्या दिल्या, मग मला दिल्या. बा झोपायला गेला.

सकाळी उठलो तर बा अंघोळ करून, पटका बांधून, पायात वहाणा घालून तयार. हे सगळं त्यानं एकट्यानं ठरवलेलं.

"कुठं, बा?"

"धाराशिवला. मी पडतो पाया. बापानं पाय धरले की पोरानं धरल्यासारखंच. परीक्षंला अजून दिस हायत. चल."

"तुमी त्यांना काय म्हणणार?"

"पोरगं चुकलं म्हणीन."

"पोरगं चुकलं न्हाय."

"मला काय कळत न्हाय व्हय? म्हणायला काय जातंय? माझं डोस्कं हाय, मी वाकवतो. तू नगं वाकवू."

मला त्याच्या पायातल्या वहाणा दिसत होत्या. लग्नकार्याला घालायच्या, तेल लावून ठेवलेल्या. तो एकदा मालकांच्या दुकानावर गेला असता, चार माणसांत वाकला असता, तर मी पास झालो असतो, कचेरीत लागलो असतो, आणि आज हे लिहिण्यासाठी मला नातवाकडून जोडाक्षरं तपासून घ्यावी लागली नसती. हे मला तेव्हाही कळत होतं. पुढं सगळा जन्म कळत राहिलं.

"बा," मी म्हणालो, "तुमी कधी चोरीची भाकरी खाल्ली असती?"

"थू."

"मग चाळीस पोरांनी खाल्ली, असं त्या दुकानात उभारून तुमी कसं म्हणणार?"

तो उंबऱ्यात उभा राहिला. आई आतून म्हणाली, "जावा की, ऊन हुतंय." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मग पटका सोडला, नीट गुंडाळी केली आणि खुंटीला लावला. वहाणा काढून फळीवर ठेवल्या.

"बैलं सोड," म्हणाला. "खालच्या रानाला कुळवाची पाळी घालायची हाय."

शाळा माझी तिथं संपली. पोरं परीक्षेला बसली. काही पास झाली, काही नापास झाली, ज्याची त्याची बुद्धी. पण उपाशी कुणी नापास झालं नाही, आणि पेव शेवटी झाडून काढलं, असा निरोप आक्कांनी बाजाराला आलेल्या माणसाकडं दिला होता.

दिवाळीनंतर मालकांच्या गाडीवानानं निरोप आणला. तोच गाडीवान, बैलं सोडू का धरू म्हणणारा. मालक म्हणतात, झालं गेलं. आता बाजारात यायला नको, घरी ये, कुणी नसताना ये, नुसतं चुकलो म्हण, बोर्डिंगात जागा आहे, मी शाळेत सांगतो. मी तेव्हा शेतात होतो, ज्वारीची पेर चालू होती. चाड्यावरची बियाची मूठ तशीच धरून मी उभा राहिलो. गाडीवान म्हणाला, "काय सांगू?"

"सांगा, ज्वारी कुणाची हुती ते त्यांनी आधी म्हणावं. घरी म्हणलं तरी चालंल, कुणी नसताना."

गाडीवान हसत गेला. मालकांनी काही म्हणून पाठवलं नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, मालकही गेले. मी वाट बघितली नाही, पण माझं म्हणणं मी मागं घेतलेलं नाही.